तोर्निकेचं मशीन

त्बिलिसीत, ग्लदानीतल्या त्या इमारतीत
लिफ्टला नाणं लागतं. वीस तेत्रीचं.
आत भिंतीवर एक पेटी आहे, तिला चीर.
नाणं टाकलं तर वर नेते,
नाहीतर दार उघडं ठेवून
बँकेतल्या बाईसारखी नुसती बघत राहते.

आम्ही चौघं खाली. मध्ये वॉशिंग मशीन,
अडुसष्ट किलो, चोवीस हप्ते.
चौघांच्या खिशांत मिळून
सहा कार्डं, चार फोन, पित्ताच्या गोळ्यांची एक पट्टी.
नाणं नाही.
"आठवा मजला," तोर्निके म्हणाला,
आठवा मजला दुसऱ्याच कुणीतरी बांधून ठेवल्यासारखा.

वाझाची पाठ गेल्या वर्षी गेली,
म्हणून त्यानं सूचना द्यायचं काम घेतलं.
"डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे."

दुसऱ्या मजल्यावर बालवाडीतून फोन आला.
नाकात वाटाणा गेलाय म्हणे.
मागदानं फोन खांद्याशी दाबून, मशीनचा कोपरा न सोडता
एवढंच विचारलं, "नाक कुणाचं?"
दुसऱ्याच मुलाचं होतं.
ती इतकी मोकळी हसली
की मशीन एक पायरी खाली आलं.
"आणि वाटाणा?" वाझानं विचारलं.
वाटाणा तिच्याच लेकाचा होता.

याच जिन्यासारख्या एका जिन्यानं
आम्ही तोर्निकेला उचलून नेलं होतं, एकोणिसाव्या वर्षी,
तो गात होता, आम्ही त्याला गप्प करत गात होतो.
तेव्हा तो हलका होता
किंवा आम्हाला वजनं कळत नव्हती.
आता माझा साहेब रात्री अकराला लिहितो, "एक छोटीशी गोष्ट".
ती छोटीशी गोष्ट मी रविवारपर्यंत उपसते.

फेब्रुवारीपासून आम्ही एकत्र जेवायचं ठरवतोय.
अकरा तारखा झाल्या. ऑक्टोबर उजाडला.
मशीन उचलायला या म्हटल्यावर
वीस मिनिटांत सगळे हजर.

पाचव्यावर एक पोरगा दारात उभा, अकरा वर्षांचा,
हातात नाण्यांनी भरलेली लोणच्याची बरणी.
"वीस देतो. उद्या पन्नास."
वाझा बँकेत कर्जखात्यात आहे. तो म्हणाला,
"हा व्याजदर बेकायदेशीर आहे."
"मग चढा," पोरगा म्हणाला.

घराच्या कर्जाची चाळीस पानं
न वाचता सही केलेली आम्ही माणसं,
त्या पोराशी दहा मिनिटं घासाघीस केली.
शेवटी पन्नासच. वर तोर्निकेचं घड्याळ गहाण.

लिफ्ट आली. मशीन आत गेलं.
आणि मग कळलं की मशीन आत गेलं की
आत आणखी काहीच जात नाही.
मागदानं हात घालून आठ दाबलं,
दार मिटलं,
आणि आमच्यातलं सर्वांत तरुण, वॉरंटीतलं,
एकटंच आरामात वर निघून गेलं.
आम्ही धापा टाकत त्याच्यामागे जिन्यानं.

नळी जोडली ती उलटी. सुलटी केली तोवर
चौघांचे शर्ट चिंब. टाकले मशीनमध्येच.
ड्रम फिरला. आकडे उजळले:
एक तास चाळीस मिनिटं.

घरात पेले नव्हते, सामान अजून खोक्यात.
टूथब्रशच्या मगात वाइन, फिरवून फिरवून.
तोर्निकेच्या जुन्या बनियनांत चौघं न्हाणीघराच्या फरशीवर,
माझ्या बनियनवर एका बंद पडलेल्या फुटबॉल क्लबाचं नाव.
वाझा टोस्टला उठला, पाठ धरून, परत बसला,
बसूनच म्हणाला, "हप्त्यांसाठी. निदान ते तरी
दर महिन्याला न चुकता भेटतात."
"गाउमार्जोस!"

फोन वाजत होते. दोन तरी माझेच.
कुणीही जाऊ शकत नव्हतं,
शर्ट आत होते.
काचेपलीकडे बाह्या एकमेकींत अडकून
वर येत, पडत, पुन्हा वर येत होत्या,
आणि मागदा म्हणाली,
"पुढच्या वेळी कोट पण आणूया.
कोटाला जास्त वेळ लागतो."